नाट्यपंढरीत परीक्षणं लिहिताना

नाट्यपंढरीत, म्हणजे सांगलीत राहून नाटकांविषयी परखड लिहायचं, हा उद्योग मी निम्मं आयुष्य केला. दिवसा कॉलेजात मराठी शिकवायचं आणि रात्री भावे नाट्यमंदिरात जाऊन बसायचं. पगार मिळायचा तो दिवसाच्या कामाचा. परीक्षणाचं मानधन पाकिटातून यायचं. त्यात रिक्षाचं भाडं निघालं तरी पुष्कळ. तरीही कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर जिभेवर आधी 'नाटकांवर लिहिते' येतं, मग 'शिकवायचे'.

हे सुरू झालं सरांच्या मोतीबिंदूमुळे. १९८० च्या दशकाची अखेर होती. आमचे विभागप्रमुख एका स्थानिक दैनिकासाठी राज्य नाट्य स्पर्धेची परीक्षणं लिहायचे. स्पर्धा तोंडावर आली आणि त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाले, "तू जा. नाटक शिकवतेस ना?" मी होय म्हटलं. खरं तर मी पुस्तक शिकवत होते. शिवाजी विद्यापीठातून एम.ए. केलं तेव्हा देवलांच्या 'शारदा'तली सामाजिकता आणि खाडिलकरांची नाट्यदृष्टी यांवर वीस-वीस मार्कांची उत्तरं लिहिली होती. तीच आता मुलांना सांगत होते. नाटकं लहानपणापासून पाहिलेली. गावभागात वाढलेल्या मुलीला त्यापासून सुटका नव्हतीच. पण पाहिलेलं आणि शिकवलेलं यांची गाठ कधी पडली नव्हती.

सरांनी जाताना दोनच गोष्टी सांगितल्या. कथानक चार ओळींत उरकायचं, कारण वाचकानं नाटक पाहिलेलं असतं किंवा तो पाहणार असतो. दोन्ही वेळा त्याला गोष्ट नको असते. आणि मध्यंतरात चहाला बाहेर जायचं नाही. मंडळी येऊन मत विचारतात, आपण भिडेखातर काहीतरी चांगलं बोलून जातो आणि मग रात्री आपल्याच शब्दांत अडकतो.

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. हौशी संघांची स्पर्धा. केंद्रा-केंद्रावर प्राथमिक फेरी होते, रोज संध्याकाळी एक नाटक, तीन परीक्षक; केंद्रात पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीला जातं. सांगलीच्या केंद्रावर गर्दी असते ती जाणत्यांची. तिसऱ्या रांगेत निवृत्त मंडळींचा एक गट असायचा, त्यांनी एकही नाटक चुकवलेलं नसायचं. मागच्या बाजूला कॉलेजची पोरं. नटाचा आवाज पोचला नाही की मागून एकच शब्द यायचा, "आवाऽज!" तेवढ्यानं भलेभले बावचळायचे. मी सुरुवातीला पुढे बसायचे, पण पुढे बसून नाटक खोटं दिसतं. मेकअपची रेघ दिसते, विंगेतला प्रॉम्प्टर ऐकू येतो आणि मागच्या माणसाला काय मिळतंय त्याचा पत्ता लागत नाही. मग मधल्या रांगेत कडेची खुर्ची धरली, ती शेवटपर्यंत.

अंधारात लिहिणं हे वेगळंच शिक्षण. बॅटरी लावली तर शेजारचे चिडतात, म्हणून पुठ्ठ्याच्या वहीत पानाला दोन-तीनच ओळी, मोठ्या अक्षरात, बोटानं अंदाज घेत. तरी ओळीवर ओळ चढायचीच. हळूहळू काय टिपायचं ते कळलं. संवाद टिपायचे नाहीत, गोष्ट टिपायची नाही. नंतर आठवणार नाही तेवढंच टिपायचं: कुठे खोकला सुरू झाला, कुठे थांबला, नको तिथे कोण हसलं, कुठल्या प्रवेशाला माणसं घड्याळ बघायला लागली.

नाटक साडेनऊ-दहाला सुटायचं. नवरा स्कूटर घेऊन बाहेर उभा. तिथून थेट दैनिकाच्या कचेरीत. तेव्हा तिथे छपाईसाठी अजून शिशाचे खिळे जुळवायचे. रात्रपाळीचे उपसंपादक घड्याळाकडे बघत म्हणायचे, "बाई, दोन कॉलम, एक वीत. त्यापुढे गेलं की खालून कापणार." आणि ते खरंच खालून कापायचे. आमच्याकडे परीक्षणाची रचना ठरलेली असायची: आधी लेखक, मग कथानक, मग अभिनय, आणि शेवटी 'नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना अनुरूप, पार्श्वसंगीत पूरक'. त्यामुळे कापलं जायचं ते नेहमी दिव्यांचं आणि नेपथ्याचं. सुतारकाम करून सेट उभा करणाऱ्या पोराचं नाव वर्षानुवर्षं कधी छापूनच आलं नव्हतं. मी एकदा प्रकाशयोजनेपासूनच सुरुवात केली. त्या नाटकात दिवा खरोखर काम करत होता. बाईच्या चेहऱ्यावरचा उजेड उतरत जायचा आणि मागच्या दाराची फट उजळायची, एवढ्यावर एक प्रवेश तोलला होता. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेतले एक काका म्हणाले, "आज उलटं छापलंय काय ओ?"

परीक्षणाच्या भाषेचं तर काय सांगावं. 'भूमिकेला न्याय दिला', 'समर्थपणे पेलली', 'सहजसुंदर अभिनय'. ही वाक्यं रात्री साडेअकराला फार उपयोगी पडतात, कारण ती आपोआप येतात. कुठल्याही नाटकाला चालतात, म्हणून कुठल्याच नाटकाविषयी काही सांगत नाहीत. मी ती स्वतःला बंद केली आणि पुढे वर्गातही. नाटकाच्या पेपरला बसलेल्या प्रत्येकानं स्पर्धेतलं एक नाटक बघून पानभर लिहायचं, आणि त्यात 'सुंदर', 'अप्रतिम', 'न्याय' हे शब्द आले तर पान परत. पहिल्यांदा मुलं हैराण झाली. "मग मॅडम, लिहायचं काय?" काय दिसलं ते लिहा म्हटलं. म्हैसाळकडून येणाऱ्या एका मुलानं लिहिलं होतं की म्हातारा झालेला नट उठताना दोन्ही हात गुडघ्यावर ठेवतो, पण फोन वाजला की टुणकन उठतो. त्या वर्षीचं माझं एकही वाक्य त्याच्या तोडीचं नव्हतं.

वर्ग आणि नाट्यगृह यांची गाठ मारून दिली ती मात्र 'कीचकवधा'नं. खाडिलकर आमच्या सांगलीचे. त्यांचं हे नाटक १९०७ चं, १९१० मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. पुस्तक म्हणून शिकवलं तर ती महाभारतातली विराटपर्वाची गोष्ट. त्यात व्हाइसरॉय कर्झनचं नाव नाही की इंग्रज सरकारचा उल्लेख नाही. मग बंदी कशावर घातली? वर्गात हा प्रश्न टाकला की मुलं पुस्तक उलटसुलट करतात आणि त्यात काही सापडत नाही. उत्तर सापडतं ते व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराच्या लिखाणात, ज्याच्यावर पुढे टिळकांनी लंडनच्या कोर्टात खटला भरला आणि हरले, तोच. त्यानं १९१० मध्ये लिहिलं की कर्झनचं नाव नाटकात कुठेच उच्चारलं जात नाही, पण थिएटरातल्या प्रत्येकाला कळतं की कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. माणूस आपला वैरी, हेतूही वाईट. पण नजर समीक्षकाची होती. पुस्तकात जे नव्हतं ते प्रेक्षागृहात होतं, आणि ते तिकडे बघितल्याशिवाय मिळणार नव्हतं. हे शिकवताना मलाच उलगडलं की मधल्या रांगेत बसून मी खोकले का मोजत होते.

मग उलट दिशेनं 'सीतास्वयंवरा'कडेही वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाखाली ते केलं, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन होतो, भावे गौरव पदक दिलं जातं. पण त्या नाटकाची आजच्या अर्थानं संहिता नव्हती. भाव्यांनी पदं रचली होती, ती सूत्रधार म्हणायचा, आणि पात्रं त्या अनुरोधानं आयत्या वेळी बोलायची. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापला गेला तो १८८५ मध्ये, चाळीसेक वर्षांनी, आणि त्यातही पदंच. म्हणजे मराठी नाटक जिथून मोजतात, तिथे अभ्यासाला पुस्तकच नाही. तरी आमच्या अभ्यासक्रमात नाटक म्हणजे पुस्तक. नेमलेलं पुस्तक, त्यावर टिपणं, त्यावर प्रश्न. मी अभ्यास मंडळावर गेले तेव्हा प्रयोग पाहून लिहिण्याला काही मार्क द्यावेत असा आग्रह धरला. 'सगळ्या कॉलेजांच्या गावात नाटकं होत नाहीत,' असं उत्तर आलं. तेही खोटं नव्हतं. जतच्या मुलानं कुठलं नाटक बघायचं?

'शारदा' शिकवताना मी वर्ग हरिपूरला न्यायचे. देवलांचं गाव, सांगलीपासून चालत जाण्याएवढं, कृष्णा-वारणेचा संगम. वर्गात बसणार नाहीत तेवढा वेळ मुलं घाटावर बसतात. तरीही दरवर्षी एखादा तरी उत्तरपत्रिकेत लिहायचाच की या नाटकावरून बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा आला. नाटक १८९९ चं, कायदा १९२९ चा आणि नाव हरविलास सारडा यांचं. मार्क मी कापायचे, पण हळहळत. नाटकावरून कायदा यावा असं त्या पोराला वाटलं, यात वाईट काय?

गावात राहून गावातल्या नाटकांवर लिहिण्याची खरी गंमत, म्हणा किंवा पंचाईत म्हणा, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. पुष्पा भावे मुंबईच्या रुईया कॉलेजात शिकवत शिकवत नाटकांवर लिहायच्या, कमलाकर नाडकर्णी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून लिहायचे. त्यांच्या लेखणीचा मला कायम हेवा वाटला. पण मुंबईत समीक्षकाला नट भाजी घेताना भेटत नसावा. मला भेटायचा. बँकेत पासबुक भरून देणारा कारकून काल दुर्योधन होता. एस.टी.चा कंडक्टर परवा सासरा होता. स्पर्धेच्या दिवसांत घरी पेढे यायचे, प्रयोगाच्या आदल्या दिवशी. मी ते शेजारच्या पोरांना वाटायचे, आणि शेजारची पोरं वर्षभर स्पर्धेची वाट बघायची. एकदा वरून निरोप आला, संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा पुतण्या नाटकात आहे, जरा सांभाळून. पुतण्या बरा होता. नाटक बरं नव्हतं. मी दोन्ही लिहिलं आणि त्यानंतर काही वर्षं कॉलेजच्या सांस्कृतिक समितीवर माझं नाव आलं नाही. माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या, त्या नाटकांना लागल्या.

पण मला खरं अडवलं ते एका औषधाच्या दुकानदारानं. चांगला नट. त्याच्याविषयी मी लिहिलं होतं की दुसऱ्या अंकात हात कुठे ठेवायचे ते त्याला सापडत नव्हतं. दोन दिवसांनी आईच्या गोळ्या आणायला गेले. त्यानं चिठ्ठी बघितली, गोळ्या काढल्या, कात्रीनं पट्टी कापली, पाकिटावर सकाळ-संध्याकाळची खूण केली. सगळं अगदी नेमकं. हाताला कुठे अडखळ नाही. मग पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिहिलंत ते खरंय. मला बी कळत होतं. पण मग ठेवायचा कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. एवढी वर्षं 'काय चुकलं' ते मी सांगत होते, 'का चुकलं' ते मला माहीत नव्हतं. म्हटलं, तालमीला येऊ का? तो हसला. "या की. पण रातच्याला असतीय."

तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये. दुकानं बंद झाल्यावर, जेवणं उरकून, नऊ-साडेनऊला माणसं जमायची. बाकं भिंतीला सरकवायची, खडूनं जमिनीवर दार, खिडकी, पलंग आखायचा. नायिका झालेली बाई मुलाला घेऊन यायची; ते बाकावर झोपायचं आणि पलीकडे तिचं भांडण रंगायचं. घरून तेवढ्या अटीवर परवानगी मिळालेली. दिग्दर्शक शाळामास्तर, हातात छडीच्या जागी गुंडाळलेली संहिता. त्यांना मी विचारलं, हातांचं काय करायचं? ते म्हणाले, "हाताला काय झालंय? तो चुकीच्या जागी उभा आहे." त्यांनी नटाला मध्यभागातून हलवून टेबलाच्या कोपऱ्याशी आणलं, जिथून त्याला दार दिसेल आणि बायको दिसणार नाही. संवाद तेच. त्या क्षणी त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला. कुणी सांगितलं नव्हतं. घाबरलेला माणूस खोलीच्या मधोमध उभा राहत नाही. आधी त्याला तसं उभं केलं होतं म्हणून हात बिचारे वाऱ्यावर होते.

त्यानंतर माझं लिखाण बदललं. माणसं कुठे उभी आहेत, कुणाकडे तोंड करून बोलतात, दार कुठल्या बाजूला आहे, हे आधी बघायला लागले. 'महानिर्वाण' किंवा 'वाडा चिरेबंदी' कुठला संघ करत असेल तर संहितेविषयी आधी इतकं लिहून झालेलं असतं की समीक्षक सवयीनं तेच पुन्हा लिहितो. मी एकदा 'वाडा'वर लिहिताना फक्त एवढंच लिहिलं की या प्रयोगात माणसं वाड्यात राहत नाहीत, सेटसमोर उभी आहेत. दिग्दर्शकानं बोलणं सोडलं. पुढच्या वर्षी त्यांच्या नाटकात लोक खांबांना टेकले होते, पायऱ्यांवर बसले होते, आणि स्वारी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती.

तालमीला जायचा नियम मात्र करावा लागला. ज्या नाटकाची तालीम बघितली त्यावर परीक्षण लिहायचं नाही. माणसं किती राबतात ते एकदा बघितलं की लेखणी मऊ पडते, किंवा ती मऊ पडलीय या भीतीनं उगाच कडक होते. संपादकांना हे पटायचं नाही. त्यांच्या मते माहिती जास्त असेल तर लेख चांगला होतो.

पीएच.डी.चं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. विषय हौशी रंगभूमीच्या वृत्तपत्रीय परीक्षणांचा घेतला. दर शनिवारी कोल्हापूरची एस.टी., वाचनालयांतून जुन्या अंकांच्या फायली, धुळीनं शिंका. पदवी मिळाली. मात्र पुढे यू.जी.सी.चे गुण मोजायचे फॉर्म आले, तेव्हा संशोधनाच्या रकान्यात परीक्षणांना जागाच नव्हती. परीक्षणांवर लिहिलेला शोधनिबंध चालत होता, परीक्षण चालत नव्हतं. ती सगळी 'सर्वसाधारण लेख' या नावाखाली गेली. त्या फॉर्मवर मी फार रागावले नाही. नाटक करणाऱ्यांपैकी कुणी शोधनिबंध वाचून मला हाताविषयी विचारायला आलं नसतं.

कात्रणं दोन ट्रंकांत होती. २००५ च्या पुरात वाचली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभागात घराघरात शिरलं, नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं गेली. आम्ही विश्रामबागला नणंदेकडे होतो. परत आलो तेव्हा वरची ट्रंक शाबूत होती, खालचीत सगळ्याचा लगदा झाला होता. खालच्या ट्रंकेत खिळ्यांवरची, पहिली परीक्षणं होती. त्यांत 'सहजसुंदर अभिनय' ठासून भरलेला होता, त्यामुळे त्या नुकसानीचं दुःख निम्मंच. अंधारात लिहिलेल्या वह्या गेल्या त्याचं अजून वाटतं. परीक्षणात मंडळींची नावं होती. कुठल्या वाक्याला लोक गप्प झाले ते फक्त वह्यांत होतं.

आता निवृत्त आहे. दैनिकांत नाटकाला दोन कॉलम कुठले, फोटो आणि चार ओळी. संघच सांगतात, "मॅडम, ग्रुपवर दोन ओळी टाका की." मध्यंतरातच लोकांची मतं फोनवर फिरतात, आणि सगळी 'अप्रतिम'. मी दोन ओळी टाकत नाही, लेख लिहिते. तो लांब आहे अशी तक्रार येते आणि तरी वाचतात, कारण चुका काढून दाखवणारे फोन येतात.

माझी एक विद्यार्थिनी आता परीक्षणं लिहिते. परवा तिनं एका तरुण संघाच्या नाटकाला झोडपलं: दोन अंकांत कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे प्रेक्षकांकडे बघून बोलतात म्हणून. मी फोन केला. म्हटलं, ती त्यांची चूक नाही, तोच त्यांचा मुद्दा आहे. घरातली माणसं आता तशीच बोलतात. ती म्हणाली, मुद्दा असता तर शेवटी एकदा तरी कुणी बघितलं असतं, मग कळलं असतं. पाऊण तास भांडलो. त्यांचा पुढचा प्रयोग मिरजेला, बालगंधर्व नाट्यमंदिरात आहे. तिकिटं तिनं काढली आहेत. मधली रांग मिळाली नाही, म्हणून ती पुढे बसणार आणि मी मागे.